वजन भरून आले, बळ आले नाही

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव केवळ वजनावर ठरत नाही. मूठभर दाणे आधी ओलावामापकात जातात. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आहे का, माती-कचरा किती, डागी दाणा किती, हे पाहिल्यावाचून कोणी शहाणा व्यापारी आकडा उच्चारत नाही. ओल्या मालाचे वजन भरते, पण ते पाण्याचे वजन असते, ही गोष्ट आडतीच्या घरातील मूलही लहानपणीच शिकते. याच बाजारात तीस वर्षे आडत चालवणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी मात्र, दीर्घ आजारातून उठलेल्या कर्त्या माणसाचे वजन वाढत आहे, एवढ्यावरच वर्षभर समाधान मानले गेले. ते वजन कशाचे, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

आजार उद्भवला तो नांदेडला. धाकट्या बहिणीच्या घरी लग्नकार्य होते. चाकूर, अहमदपूर, लोहा असा नेहमीचा रस्ता धरून सारे कुटुंब आदल्या दिवशी पोहोचले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गृहस्थांच्या पोटात, बेंबीच्या वरच्या भागात, असह्य वेदना सुरू झाली. ती थेट पाठीत जात होती. उताणे झोपले की वाढे, पुढे वाकून बसले की थोडी कमी होई. ओकाऱ्या थांबेनात. पित्त झाले असेल, लग्नातले गोड बाधले असेल, असे म्हणून संध्याकाळपर्यंतचा वेळ सोड्यावर आणि गोळ्यांवर गेला. रात्री रुग्णालयात रक्ततपासणी झाली, तेव्हा लायपेज या पाचकरसाचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. निदान झाले: तीव्र स्वादुपिंडदाह.

कुटुंबातील अनेकांनी या अवयवाचे नाव प्रथमच ऐकले. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पसरलेले असते आणि दोन कामे करते. अन्न पचवणारे रस ते आतड्यात सोडते. साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन ते रक्तात सोडते. पित्ताशयातून निसटलेला लहानसा खडा पित्तनलिका आणि स्वादुपिंडनलिका जिथे एकत्र येतात तिथे अडकला, की पाचकरसांची वाट अडते. जे रस आतड्यात पोहोचल्यावर जागे व्हायचे, ते ग्रंथीतच जागे होतात आणि ग्रंथीलाच पचवू लागतात. हा आजार मद्यपींचा, असा समज सर्वत्र आहे. त्यामुळे निर्व्यसनी माणसाला हे कसे झाले, अशी कुजबुज लग्नघरात झाली. वस्तुतः मद्याइतकेच, किंबहुना जगात अनेक ठिकाणी मद्याहून अधिक, पित्तखडे हेच या आजाराचे कारण असते. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी फार वाढली तरीही तो होतो. त्या कुजबुजीचा घाव मात्र गृहस्थांच्या पत्नीला वेदनेइतकाच लागला.

रुग्णालयात एकोणीस दिवस गेले. पूर्वी या रोगात स्वादुपिंडाला विश्रांती द्यायची म्हणून दिवसचे दिवस तोंडाने काही देत नसत. आता तो विचार बदलला आहे. रुग्णाला सोसेल तितक्या लवकर तोंडाने, नाहीतर नाकातील नळीने, आतड्यात अन्न पोहोचवणे हितकर मानले जाते, कारण उपाशी आतड्याचे आवरण दुर्बळ होते आणि संसर्गाचा धोका वाढतो. ग्रंथीभोवती द्रव साठल्यामुळे पित्ताशयाची शस्त्रक्रिया त्याच वेळी करता आली नाही. ती पुढे दोन महिन्यांनी लातूरला झाली. आजार सौम्य असेल तर इतके थांबू नये. नेदरलँड्समधील २३ रुग्णालयांत झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत निःसंदिग्ध आहे. पित्ताशय त्याच मुक्कामात काढलेल्या रुग्णांपैकी ५ टक्क्यांना खड्यांमुळे पुन्हा गंभीर त्रास झाला. सुमारे महिनाभराने काढण्याचे ठरवलेल्यांत हेच प्रमाण १७ टक्के होते. सोयीचा मुहूर्त, दिवाळीचा हंगाम, मुलीची परीक्षा अशा कारणांनी ही शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्या घरांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

नांदेडला जाताना ६८ किलो असलेले गृहस्थ ५७ किलोचे होऊन परतले. घरातल्या स्त्रियांनी जे कोणत्याही मायेच्या घरात होते तेच केले. बदामाचा शिरा, साजूक तुपातले लाडू, साय घातलेले दही, दुपारच्या झोपेनंतर मलईचे दूध. रुग्णालयाच्या कागदावर कमी स्निग्धांशाचा आहार लिहिला होता. तो कागद फायलीत राहिला. चालणे-फिरणे बंदच होते, कारण ‘आता विश्रांतीच घ्यायची’ हे सर्वांनी मिळून ठरवले होते. दर पौर्णिमेला पेढीवरच्या काट्यावर त्यांचे वजन होई आणि मुलगा ते दूरध्वनीवरून नांदेडच्या आत्याला कळवी. साठ. साडेबासष्ट. पासष्ट. वर्ष सरता सरता काटा ६७ वर आला, तेव्हा स्थानकात प्रभावना वाटली गेली.

त्या वर्षभरात काही बारीक खुणा दिसत होत्या. सामायिक पूर्ण झाल्यावर आसनावरून उठताना गृहस्थ जमिनीला हात टेकू लागले होते. पेढीच्या माडीवर जाताना मध्ये एकदा थांबत. विजार कमरेला घट्ट होत होती आणि सदऱ्याच्या बाह्या दंडावर सैल पडत होत्या. शिंप्याने ही गोष्ट बोलूनही दाखवली होती. वय झाले, असे म्हणून ती सोडून देण्यात आली. त्यांचे वय छपन्न होते.

वर्षभराने नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभे केलेच नाही. त्यांनी कमरेचा घेर मोजला. तो ९४ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० ही मर्यादा मानली जाते. मग हातात पकड मोजण्याचे यंत्र दिले. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला सांगितले. शेवटी वर्षापूर्वीचा आणि ताजा असे दोन सीटी स्कॅन शेजारी शेजारी लावले. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर शरीराचा जो आडवा छेद दिसतो, त्यात स्नायू किती आणि मेद किती हे मोजता येते. गेलेल्या अकरा किलोंत स्नायूंचा मोठा वाटा होता. परत आलेले दहा किलो जवळजवळ सारे मेदाचे होते, आणि तोही त्वचेखाली नव्हे तर पोटातल्या अवयवांभोवती साठलेला. जमा-खर्चाची बेरीज जुळली होती. खाती बदलली होती.

अशी अदलाबदल मराठी माणसाच्या शरीरात सहज होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे व मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा आणि तक्त्याप्रमाणे निर्दोष होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांत, १९९३ पासून सुरू झालेल्या मातापोषणाच्या अभ्यासात, याज्ञिकांच्या चमूला हेच नवजात बालकांत दिसले होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे साडेतीन किलो. येथील बाळांचे पावणेतीन किलोही नाही. तरीही वजन आणि स्नायू जितके कमी होते, तितका मेद कमी नव्हता. बारीक दिसणारा, पण आतून मेद बाळगणारा हा देह आजारात स्नायू पटकन गमावतो आणि विश्रांतीत मेद पटकन जमवतो. पिढ्यान्पिढ्या गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या घरांत तर त्याला अधिकच अनुकूलता मिळते.

पोटातील मेदाचा स्वादुपिंडाशी वैरभाव दुहेरी आहे. आजाराच्या वेळी गळालेले लायपेज आजूबाजूच्या मेदावर तुटून पडते आणि त्यातून निर्माण झालेली स्निग्धाम्ले ग्रंथीला व इतर अवयवांना आणखी इजा करतात. म्हणूनच स्थूल व्यक्तींत हा आजार अधिक उग्र होतो. आजारानंतर हाच मेद इन्शुलिनला दाद देत नाही. दुसरीकडे, रक्तातील साखर खर्च करणारे शरीरातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि तेच घटलेले असते. मेद स्वादुपिंडातही साठतो. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे डॉ. मॅक्स पेट्रोव्ह यांचा गट या साठ्याचा आणि आजारानंतरच्या मधुमेहाचा संबंध अनेक वर्षे अभ्यासत आहे.

त्याच दिवशी झालेल्या तपासणीत गृहस्थांची तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या हद्दीत निघाली. वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे घरच्यांना आश्चर्य वाटले नाही. घराण्याचा वारसा, असे ते म्हणाले. डॉक्टरांनी मात्र दुसरी बाजू सांगितली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात २४ अभ्यास आणि अकराशेहून अधिक रुग्ण एकत्र तपासले गेले होते. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या पहिल्याच झटक्यानंतर ३७ टक्के रुग्णांत मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली. पहिल्या बारा महिन्यांतच १५ टक्क्यांना मधुमेह जडला होता आणि पाच वर्षांनी धोका दुपटीहून अधिक झाला होता. झटका सौम्य होता की उग्र, याने या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. म्हणून आता झटक्यानंतर तीन ते सहा महिन्यांत साखर तपासावी आणि पुढे दरवर्षी तपासत राहावे, असा संकेत आहे. या गृहस्थांची तपासणी त्या मुदतीत झालीच नव्हती. ‘बरे झाले’ या दोन शब्दांनी ती पुसून टाकली होती.

हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा दिसतो, पण तसाच वागत नाही. इजा झालेली ग्रंथी इन्शुलिन कमी करते, तशीच साखर फार उतरू लागली की ती सावरणारे ग्लुकागॉनही कमी करू शकते. त्यामुळे साखर चढते तशी अचानक कोसळूही शकते. सूर्यास्तापूर्वी जेवून चौविहार पाळणाऱ्या आणि सकाळी नवकारशीनंतरच पाणी घेणाऱ्या माणसाच्या दोन आहारांत तेरा-चौदा तासांचे अंतर पडते. औषधाची वेळ आणि मात्रा या अंतराला जुळवून घेतली नाही, तर पहाटेची वेळ धोक्याची ठरते. डॉक्टरांना या व्रताची कल्पना नसते आणि रुग्ण संकोचाने सांगत नाही. गृहस्थांनी ते सांगितले, तेव्हा औषधच बदलले गेले.

खरा पेच यापुढे उभा राहिला. शौचाला तेलकट, चिकट, पाण्याने न वाहून जाणारे होते, हे त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते. विष्ठेतील इलास्टेजची तपासणी झाली आणि ते प्रमाण कमी आढळले. स्वादुपिंडाचे पहिले कामही मंदावले होते. खाल्लेले तूप अंगी लागत नव्हते. तुपात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही निसटत होती. स्वादुपिंडदाहानंतर चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत काही काळ तरी हे घडते. यावर उपाय आहे: जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या पाचकरसांच्या कॅप्सूल. सुनेने त्यांच्या खोक्यातील पत्रक वाचले आणि ती गप्प झाली. हे रस वराहाच्या स्वादुपिंडापासून काढलेले असतात.

ज्या घरात कांदा-लसूणही येत नाही, पाणी गाळल्याशिवाय वापरले जात नाही, त्या घरात ते खोके दोन दिवस देवघरापासून दूर, ओसरीच्या कोनाड्यात पडून राहिले. गृहस्थांनी कॅप्सूल घ्यायला ठाम नकार दिला. बुरशीपासून बनवलेली पाचके मिळतात. ती सुरू झाली. परंतु स्निग्धांश पचवण्यात ती वराहजन्य औषधाच्या तोडीची सिद्ध झालेली नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तीन महिन्यांत वजन पुन्हा चार किलो उतरले, आणि या वेळी ते कोणत्याही अर्थाने परवडणारे नव्हते. नांदेडची बहीण आली. ती म्हणाली, “भाऊ, तुमचे व्रत तुम्ही सांभाळा, पण वहिनींनी कोणाकडे पाहायचे?” गृहस्थ म्हणाले, “एका जीवासाठी दुसरा जीव, हा हिशेब मला जमत नाही गं.” दोघांचेही खोटे नव्हते.

चातुर्मासासाठी लातूरला विराजमान असलेल्या महाराजसाहेबांपुढे हा प्रश्न ठेवला गेला. त्यांनी ‘घ्या’ असे म्हटले नाही. साधूच्या मुखातून तसे वचन निघणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. त्यांनी ‘घेऊ नका’ असेही म्हटले नाही. पच्चक्खाणात आगार का ठेवलेले असतात, समाधी ढळू नये याची काळजी शास्त्रकारांनी का घेतली, यावर ते थोडे बोलले. मग एवढेच म्हणाले, की जे कराल ते लपवू नका, त्याला धर्म म्हणू नका, आणि निरुपाय संपला की एक दिवसही अधिक करू नका.

या तीन वाक्यांवर गृहस्थांनी चार रात्री विचार केला आणि कॅप्सूल सुरू केली. घरात सर्वांदेखत, ताटावर बसून, पहिल्या घासाबरोबर. त्यांनी डॉक्टरांना एकच अट घातली: सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि गरज उरली नाही तर बंद. डॉक्टरांनाही हे मान्य होते, कारण अनेक रुग्णांत ग्रंथीचे हे काम कालांतराने सुधारते. इन्शुलिनबाबत असाच किंतु जुन्या पिढीत असे; तेव्हा ते गाय-डुकरांच्या ग्रंथींतून मिळवले जाई. १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्शुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जिवाणू आणि यीस्ट यांच्यापासून बनलेले इन्शुलिन सर्वत्र आहे, त्यामुळे तो किंतु मागे पडला. पाचकरसांच्या बाबतीत तो दिवस अजून उजाडायचा आहे. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या आणि औषधव्यवसायात भांडवल गुंतवणाऱ्या समाजाने त्या संशोधनाला पाठबळ द्यावे, हे धर्मकार्यात बसते की नाही, याचा विचार श्रीमंत घरांनी करण्याजोगा आहे.

उरले स्नायूंचे काम. ते कोणत्याही औषधाने होत नाही. त्याला प्रथिने लागतात आणि जोर लागतो. लातूरच्या डाळ गिरण्यांतून तूरडाळ देशभर जाते, पण त्याच गावातल्या वाटीत ती पातळ वरण होऊन येते. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. पातळ वरणाच्या एका वाटीत त्यातला लहानसाच अंश पोहोचतो. आहारतज्ज्ञांनी दाट वरण, मूग, साय काढलेल्या दुधाचे दही आणि पनीर, आणि ज्याच्या पोत्यांवर घर उभे होते ते सोयाबीन, असे ताट बसवून दिले. सारे जेवण दिवसाउजेडी, परंतु दोनाऐवजी चार वेळा थोडे थोडे. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे दहा-दहाचे तीन फेरे, भिंतीला हात लावून जोर, आणि आठवड्यातून पाच दिवस पहाटे चालणे. पहिल्या महिन्यात त्यांना हे हास्यास्पद वाटे. पेढीवरचे हमालही पाहत राहत.

सहा महिन्यांनी वजन ६३ भरले, म्हणजे सर्वांच्या आनंदाच्या त्या ६७ पेक्षा चार किलो कमी. कमरेचा घेर ८८ झाला होता आणि हाताची पकड वाढली होती. इलास्टेज सुधारले होते, पण पूर्ण नव्हे. कॅप्सूल दिवसातून एका मुख्य जेवणापुरती उरली. मधुमेह राहिला, आणि तो राहणार आहे. दुसरा झटका येऊ नये म्हणून ट्रायग्लिसराइडची तपासणी वर्षातून एकदा होते. पहिल्या झटक्यानंतर साधारण पाचातील एकाला पुन्हा झटका येतो, आणि वारंवार झटके आले तर स्वादुपिंड कायमचे निकामी होण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र पित्ताशय काढल्यामुळे या घरातील मुख्य कारण तरी दूर झाले आहे.

या घरात दर पर्युषणात अठ्ठाई होत असे. दीर्घ उपवासात पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून घट्ट होते. झपाट्याने वजन घटल्यानेही खडे होतात. म्हणून ज्यांना खडे आहेत हे ठाऊक आहे, त्यांनी मोठ्या तपापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि पारण्याला एकदम तुपकट खाऊ नये, हे आता तिथल्या सुनेने स्थानकातील इतर स्त्रियांनाही सांगायला सुरुवात केली आहे. गृहस्थांना स्वतःला अनशन आता शक्य नाही. पहिल्या वर्षी या गोष्टीचे त्यांना दुःख झाले. पण बाह्य तपाचे प्रकार सहा आहेत आणि अनशन हा त्यांतला केवळ पहिला. भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याची ऊनोदरी आणि तूप-गोडाचा रसपरित्याग ही दोन तपे डॉक्टरांच्या कागदाशी शब्दशः जुळतात. या पर्युषणात त्यांनी आठही दिवस ती पाळली, वेळेवर औषध घेतले, आणि संवत्सरीच्या प्रतिक्रमणात क्षमा मागताना ज्या जीवांच्या शरीरातून आपले औषध आले त्यांचाही मनोमन उल्लेख केला. प्रतिक्रमण संपल्यावर ते आसनावरून उठले, तेव्हा जमिनीला हात टेकला नाही. पत्नीच्या ते लक्षात आले. ती काही बोलली नाही.